दुसऱ्या जंगलाचा रंग

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडला की न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागातल्या लेचवर्थ स्टेट पार्कच्या फाटकांवर शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. रॉचेस्टर शहराच्या नैर्ऋत्येला सुमारे ५५ किलोमीटरवर जेनेसी नदीने २७ किलोमीटर लांबीची घळ कोरली आहे. तिच्या दोन्ही काठांनी १४ हजारांहून अधिक एकरांचे हे उद्यान पसरले आहे. कडे काही ठिकाणी ६०० फुटांच्या घरात जातात. नदीवर तीन मोठे धबधबे आहेत आणि मधला १०७ फुटांचा आहे. ‘इन्स्पिरेशन पॉइंट’ नावाच्या कठड्यावरून मधला धबधबा, त्यामागे वरचा धबधबा आणि सर्वांच्या डोक्यावर रेल्वेचा कमानी पूल असे सगळे एका नजरेत मावते. अवतीभोवती मेपलचा लाल-नारिंगी, हिकरी आणि बर्चचा पिवळा, ओकचा तांबूस आणि हेमलॉकचा काळपट हिरवा. (हे हेमलॉक म्हणजे पाइनच्या कुळातला सूचिपर्णी वृक्ष. सॉक्रेटिसला दिलेल्या विषाशी त्याचे नावापलीकडे काही नाते नाही.) ईशान्य अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांत ‘फॉल कलर्स बघायला जाणे’ हा आता वर्षाचा ठरलेला कार्यक्रम झाला आहे. तो येतोही नेमका दिवाळीच्या तोंडावर, त्यामुळे फराळाचे डबे बऱ्याचदा याच सहलींत पहिल्यांदा उघडतात.

पानगळीच्या रंगाबद्दल बोलताना सगळे जण एकच गोष्ट गृहीत धरतात: निसर्ग दरवर्षी हा सोहळा करतो, आपण वेळेवर पोचायचे, बस. लेचवर्थच्या बाबतीत हे गृहीतक तपासून पाहावे असे मला वाटते. कारण इथला रंग मूळ जंगलाचा नाही. तोडलेल्या जंगलाच्या जागी पुन्हा उभ्या राहिलेल्या जंगलाचा तो रंग आहे. तो उभा राहण्यामागे झाडांच्या जिद्दीइतकाच काही माणसांच्या निर्णयांचा आणि काही निव्वळ योगायोगांचा वाटा आहे. हे खरे असेल तर पुढच्या शंभर वर्षांत तो टिकेल की नाही, याचे उत्तरही निसर्गावर सोपवून मोकळे होता येत नाही.

झाडाचा शेवटचा खर्च

सुरुवात झाडापासूनच करू. हरितद्रव्य टिकाऊ नसते. उन्हात ते सतत मोडत असते आणि झाड ते सतत नव्याने घडवत असते. दिवस आखडले आणि रात्री गार झाल्या की झाड ही घडणावळ थांबवते. पानात गुंतलेला नायट्रोजन आणि फॉस्फरस ते खोडा-मुळांकडे परत ओढू लागते आणि देठाच्या बुडाशी पान सुटण्यासाठी पेशींचा एक थर तयार करते. हिरवा उतरला की उन्हाळाभर त्याच्याखाली दबून असलेली पिवळी कॅरोटिनॉइड द्रव्ये दिसू लागतात. म्हणून बर्च, हिकरी, बीच यांचा पिवळा हा उघडा पडलेला रंग आहे. लाल मात्र तसा नाही. लाल रंगाचे अँथोसायनिन मेपल शरद ऋतूत मुद्दाम नव्याने तयार करतो, पानात उरलेल्या साखरेतून. आठवड्याभरात गळून पडणाऱ्या पानावर झाडाने हा खर्च का करावा, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. एक मत असे की हरितद्रव्य मोडत असताना पानाला ऊन सोसवत नाही, तेव्हा हा लाल पडदा पानाचे रक्षण करतो आणि नायट्रोजन परत ओढून घ्यायला अवधी मिळवून देतो. दुसरे मत ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांचे. सॅम ब्राउन यांच्यासह लिहिलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी ते मांडले: अंडी घालायला झाड शोधणाऱ्या माव्यासारख्या किड्यांना लाल रंग ‘इथे येऊ नका’ असे बजावतो.

आपल्याकडे हेच द्रव्य उलट्या बाजूने दिसते. सह्याद्रीत कुसुमाचे झाड उन्हाळ्याच्या तोंडाला लालभडक होते, ते कोवळ्या पालवीतल्या अँथोसायनिनमुळे. आपली पानगळ पाण्याच्या टंचाईने होते, थंडीने नाही. त्यामुळे आपल्याकडे जाणारे पान बहुधा नुसते वाळते आणि येणारे पान रंग घेऊन येते. जेनेसीच्या काठी जाणारे पान रंगते. तो रंग किती चढेल हे हवेवर ठरते. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा, पण गोठवणारी थंडी नाही, असे पंधरा दिवस मिळाले तर लाल चढतो. आभाळ दाटलेले आणि रात्री उबदार राहिल्या तर सगळे फिकट पडते, आणि अवेळी कडक हिम पडले तर पान रंगण्याआधीच तपकिरी होते. शिवाय घळीचे स्वतःचे हवामान असते. रात्री जड गार हवा तळाशी उतरते, धबधब्याचे तुषार जवळच्या उतारांना ओलसर ठेवतात, दक्षिणेकडे तोंड असलेल्या कड्याला जास्त ऊन मिळते. त्यामुळे वरच्या पठारावर रंग सरत आलेला असताना आतल्या एखाद्या ओघळीत तो नुकता सुरू झालेला असतो. राज्याचा पर्यटन विभाग दर बुधवारी रंगाचा अहवाल काढतो. ठिकठिकाणचे स्वयंसेवक पाहून कळवतात की किती टक्के पाने पालटली आणि रंग भरात आहे की ओसरतोय. लेचवर्थसारख्या जागी असा एकच आकडा देणे म्हणजे कामचलाऊ अंदाज. तरीही अर्धी गर्दी त्या आकड्यावर निघते.

इथवर वाचून कोणी म्हणेल, यात माणसाचा काय संबंध? साखर झाडाची, ऊन आकाशाचे. बरोबर आहे. पण हवा ठरवते ती रंगाची तीव्रता. कुठला रंग किती जागा व्यापेल, हे त्या उतारावर कोणती झाडे उभी आहेत यावर ठरते. आणि ती का उभी आहेत, हा सगळा इतिहास आहे.

गहू, आरा आणि पूल

शेवटच्या हिमयुगात बर्फाने आणलेल्या दगडमातीने जेनेसीचा जुना मार्ग बुजला. नदीने मग शेल आणि वालुकाश्मातून नवी वाट कापली. खडक ३५ कोटी वर्षांहून जुना असला तरी घळ अवघी काही हजार वर्षांची आहे आणि तिचे कडे अजून ढासळतात. या खोऱ्यात सेनेका लोकांची गावे होती, मक्याची शेते होती, फळबागा होत्या. होडेनोशोनी महासंघातले हे पश्चिमेकडचे राष्ट्र. म्हणजे ‘माणसाचा हात न लागलेले मूळ जंगल’ ही कल्पना इथे पहिल्यापासूनच लागू नव्हती. १७७९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या आदेशावरून जनरल सुलिव्हन यांच्या फौजेने ही गावे, पिके आणि बागा जाळल्या. १७९७ च्या ‘बिग ट्री’ तहाने जेनेसीच्या पश्चिमेची बहुतेक जमीन सेनेकांच्या हातून गेली आणि त्यांच्याकडे तुटक राखीव तुकडे उरले. मग आले भूमापक. होलंड लँड कंपनीच्या मोजणीदारांनी १८०० च्या सुमारास पश्चिम न्यूयॉर्कमध्ये जमिनी आखताना खुणेच्या झाडांची नावे वहीत टिपली. जंगलाचा अभ्यास करणाऱ्यांसाठी त्या वह्या आज खजिना ठरल्या आहेत. त्या नोंदींत बीच आणि शुगर मेपल ही झाडे आघाडीवर आहेत. तेव्हाचा ऑक्टोबर आजच्यापेक्षा अधिक पिवळा आणि ताम्रवर्णी असला पाहिजे.

ती झाडे गेली कशाने, तर गव्हाने. १८२५ मध्ये ईरी कालवा पुरा झाला, जेनेसी खोऱ्याचा गहू पूर्वेच्या बाजारांत जाऊ लागला आणि रॉचेस्टर ‘पिठाचे शहर’ म्हणून नावारूपाला आले. गव्हासाठी टेकड्या साफ झाल्या, उरलेले लाकूड आरागिरण्यांनी खाल्ले. घळीच्या कडेने दुसरा कालवा खोदला गेला. १८५२ मध्ये वरच्या धबधब्याच्या डोक्यावर रेल्वेचा लाकडी पूल उभा राहिला. तो जगातल्या सर्वांत मोठ्या लाकडी पुलांपैकी एक होता आणि त्याच्या तुळयांसाठी शेकडो एकर जंगल कामी आले. १८७५ मध्ये तो जळाला. त्याच जागी तीन महिन्यांच्या आत लोखंडी पूल उभा राहिला. तो थेट २०१७ पर्यंत मालगाड्या वाहत होता. आता जी पोलादी कमान छायाचित्रांत दिसते ती त्याची वारस.

१८८० च्या दशकात न्यूयॉर्क राज्याचा जेमतेम चौथा हिस्सा वनाखाली उरला होता. आज तो ६० टक्क्यांच्या वर आहे. मधल्या काळात पश्चिमेकडच्या सपाट प्रदेशांतून स्वस्त गहू येऊ लागला, इथली चढउताराची शेते परवडेनाशी झाली आणि शेतकऱ्यांनी ती सोडून दिली. त्या पडीक रानात जे आधी घुसले ते लाल मेपल. हे झाड ओलीत येते, कोरड्यात येते, उन्हात वाढते, सावलीतही तग धरते, उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच पंखवाले बी वाऱ्यावर सोडते. पुढे वणवे दडपले जाऊ लागले, त्याचाही त्याला फायदा झाला. १९०४ मध्ये न्यूयॉर्क शहरात लक्षात आलेल्या एका बुरशीने काही दशकांत पूर्व अमेरिकेतले कोट्यवधी चेस्टनट मारले, ती जागाही काही ठिकाणी मेपलने घेतली. ईशान्य अमेरिकेच्या टेकड्यांवर आज जो लाल दिसतो, त्यातला मोठा भाग टाकून दिलेल्या शेतीचा रंग आहे. कॅलेंडरांवर तो ‘आदिम अरण्य’ म्हणून छापला जातो, हा त्या कॅलेंडरांचा भाबडेपणा.

देणगी आणि तिचे हिशेब

लेचवर्थची गोष्ट या सर्वसाधारण कथेपेक्षा थोडी वेगळी आहे, कारण इथे शेते पडीक पडण्याची वाट न पाहता एका माणसाने झाडे परत आणायला सुरुवात केली. विल्यम प्रायर लेचवर्थ हे बफेलोचे उद्योजक. घोड्यांच्या खोगीर-सरंजामाला लागणाऱ्या धातूच्या वस्तू बनवून त्यांनी पैसा कमावला. त्या लाकडी पुलावरून त्यांनी घळ पाहिली आणि १८५९ मध्ये मधल्या धबधब्याजवळ जमीन घेतली. जागा तेव्हा देखणी नव्हती. तोडलेले उतार आणि आरागिरणीची मोडतोड यांच्यामध्ये धबधबा कोसळत होता. त्यांनी विल्यम वेबस्टर या बागरचनाकाराची मदत घेतली, झाडे लावली, वाटा आखल्या, शेजारच्या जमिनी एकेक करून विकत घेत हजार एकर जमवले. १८९८ मध्ये ‘जेनेसी रिव्हर कंपनी’ स्थापन झाली आणि धबधब्यांच्या वर धरण बांधून वीज काढण्याचा बेत पुढे आला. खासगी मालकी या दबावापुढे टिकणार नाही हे लेचवर्थनी ओळखले आणि १९०६ मध्ये सारी मालमत्ता न्यूयॉर्क राज्याला देऊ केली. १९०७ च्या जानेवारीत कायद्याने ती स्वीकारली गेली. १९१० मध्ये त्यांचे निधन झाले.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. श्रीमंत माणसाने जमीन घेतली, सुंदर केली, सरकारला दिली, आणि त्याचे नाव नकाशावर लागले. ज्यांची ती जमीन होती त्यांचे काय? लेचवर्थना सेनेकांबद्दल आस्था होती, हे नोंदीत आहे. कॅनेडिया इथली सेनेकांची जुनी लाकडी सभागृहाची इमारत मोडकळीला आली होती, ती त्यांनी आपल्या आवारात हलवून पुन्हा उभारली आणि १ ऑक्टोबर १८७२ रोजी तिथे सेनेका आणि मोहॉक वंशजांची परिषद भरवली. मेरी जेमिसन ही गोरी मुलगी लहान वयात पकडली गेली आणि सेनेकांनी तिला आपली मानले. पुढे आयुष्यभर ती त्यांच्यातच राहिली. तिच्या अस्थी लेचवर्थनी १८७४ मध्ये इथे आणून पुरल्या, आणि १९१० मध्ये तिथे तिचा पुतळा बसला. पण ज्यांच्या आजोबांची ही नदी, ते त्या परिषदेला पाहुणे म्हणून आले आणि परत गेले. इमारत जतन झाली, जमीन नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे. देणगीचे मोल यामुळे शून्य होत नाही. १९०६ मध्ये ती झाली नसती तर आज मधल्या धबधब्याचे पाणी बहुधा जलवाहिनीतून गेले असते आणि त्याचा लाभ सेनेकांना झाला असता असेही नाही. मात्र उद्यानाची कथा लेचवर्थपासून सुरू करणे म्हणजे पुस्तकाचे पहिले प्रकरण फाडून दुसऱ्यापासून वाचणे. सभागृहाच्या टेकडीवर चढणारे पर्यटक धबधब्यापाशी रेंगाळणाऱ्यांपेक्षा फार थोडे असतात.

कठडे आणि धरण

‘स्टेट पार्क’ ही चीज आपल्या ओळखीच्या साच्यात बसत नाही. ते केंद्राचे राष्ट्रीय उद्यान नाही, वन्यजीवांपुरते राखलेले अभयारण्य नाही आणि महापालिकेची बागही नाही. मालकी राज्याची, प्रवेश गाडीमागे शुल्क भरून सर्वांना खुला, आत जंगलही आणि जेवणाची बाकेही. लेचवर्थला हे रूप आले त्यात १९३० च्या मंदीचा हात आहे. रुझवेल्ट सरकारने बेकार तरुणांसाठी ‘सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर’ काढली. तिच्या छावण्या इथे पडल्या आणि त्या पोरांनी रस्ते, पायवाटा, लाकडी खोल्या बांधल्या, रोपे लावली आणि कड्यांच्या कडेने दगडी कठडे रचले. आज हजारो लोक ज्या कठड्याला टेकून फोटो काढतात, तो त्या बेकारांच्या रोजगारातून आलेला आहे. हे माणसांचे काम इतके बेमालूम आहे की पाहणाऱ्याला ते निसर्गाचाच भाग वाटते.

उत्तर टोकाला मात्र काहीच बेमालूम नाही. तिथे माउंट मॉरिस धरण आहे, अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने १९४८ ते १९५२ या काळात बांधलेले. ज्या जागेचे धरणापासून रक्षण व्हावे म्हणून देणगी झाली, तिच्या दुसऱ्या टोकाला धरण झालेच. याला देणगीचा पराभव म्हणता येईल का? मला तसे वाटत नाही. वीज कंपनीला धबधबे हवे होते. हे धरण मात्र धबधब्यांच्या खाली, पुरासाठी बांधलेले आहे. एरवी त्याच्यामागे पाणी साठवत नाहीत, नदी दारांतून वाहत राहते, पूर आला की दारे आवळून रॉचेस्टर आणि मधली गावे वाचवतात. १९७२ च्या जूनमध्ये ॲग्नेस वादळाच्या पावसाने ते जवळपास काठोकाठ भरले होते. किंमत मोजावी लागते ती घळीच्या खालच्या भागाला. तिथे पाणी चढते, उतरते, मागे गाळ आणि ओंडके सोडते, आणि काठालगत झाडे नीट धरत नाहीत. दक्षिणेच्या धबधब्यांकडून उत्तरेच्या धरणाकडे गाडीने गेले तर रंगाची झालर तळाशी कशी उसवत जाते हे दिसते. बहुतेक जण दक्षिणेतूनच परततात.

तिसरे जंगल येईल का?

आता सर्वांत गंभीर आक्षेप. एकदा तोडलेले जंगल शे-दीडशे वर्षांत आपोआप परत आले, मग चिंता कसली? मेपल गेले तर दुसरे काही येईल. हा युक्तिवाद ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण तो एक महत्त्वाची गोष्ट विसरतो. दुसरे जंगल उगवत होते तेव्हा पश्चिम न्यूयॉर्कमध्ये पांढऱ्या शेपटीची हरणे जवळपास संपलेली होती. शिकार आणि साफ झालेली राने यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांना अडिरॉन्डॅकच्या डोंगरांत ढकलले होते. म्हणून पडीक शेतात मेपल-ओकची रोपे निर्धास्त वाढली. हा योगायोग पुन्हा मिळणार नाही. आता हरणे मुबलक आहेत, ती मेपल आणि ओकची रोपे आवडीने खातात, बीचला सहसा तोंड लावत नाहीत. डोक्यावर लाल छत आणि पायाशी त्या लालचा वारसच नाही, अशी स्थिती या भागातल्या बऱ्याच जंगलांत आहे. लेचवर्थमध्ये हंगामात परवान्याने शिकार करू दिली जाते. सुट्टीत आलेल्या माणसाला ते खटकते, पण रोपांच्या बाजूने पाहिले तर ती जंगलाची निगा आहे.

त्यात परके किडे. पन्नाचा हिरवा रंग असलेला एक भुंगा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला, २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात पोचला आणि ॲशची झाडे सालीखालून पोखरत सुटला. हेमलॉकच्या सुयांच्या बुडाशी कापसाचे ठिपके दिसले तर ती पूर्व आशियातून आलेली एक रसशोषक कीड असते. ती लेचवर्थमध्येही आली आहे. तिच्यावर खोडातून औषध देऊन झाडे वाचवता येतात, पण झाडागणिक, वेळ आणि पैसा घालून. बीचची पाने पट्ट्यापट्ट्यांनी काळवंडवणारा रोग २०१२ मध्ये ओहायोत दिसला आणि काही वर्षांत इकडे आला. जे बीच हरणे सोडतात ते हा रोग सोडत नाही. हेमलॉक गेला तर नुसती हिरवी पार्श्वभूमी जात नाही. ओघळींवरची दाट सावली जाते, सावलीबरोबर गार पाणी जाते, आणि मेपलचा लाल ज्या काळपट हिरव्यापुढे उठून दिसतो तो पडदाही जातो.

माणसाने हात घातला की निसर्ग उरत नाही, बाग होते, असे म्हणणारे आहेत. लेचवर्थमध्ये ही निवड उपलब्धच नाही. हात आधीच घातला गेला आहे, कुऱ्हाडीने, नांगराने, जहाजातून आलेल्या किड्यांनी. हात काढून घेतला तर मूळ जंगल परत येत नाही, हरणांनी आणि किड्यांनी निवडलेले जंगल येते. म्हणून इथे खर्च होणारा सरकारी पैसा मला सजावटीवरचा वाटत नाही. घळीत दिसणारा रंग हा सार्वजनिक मालमत्तेचा भाग आहे आणि रस्ते-पुलांप्रमाणे त्यालाही देखभाल लागते.

पुढच्या ऑक्टोबरमध्ये जे मराठी वाचक तिकडे जाणार असतील त्यांना दोन विनंत्या. शक्य असेल तर मधल्या वारी जा, आणि सभागृहाच्या टेकडीवर अवश्य चढा. दुसरी विनंती तंबू ठोकून राहणाऱ्यांना. शेकोटीसाठी घरून लाकूड नेऊ नका. ॲश पोखरणारा भुंगा स्वतःच्या पंखांवर जेवढा दूर जातो त्यापेक्षा कितीतरी दूर तो लोकांच्या गाड्यांतल्या मोळ्यांतून गेला आहे. उष्णतेची प्रक्रिया न केलेले जळाऊ लाकूड ८० किलोमीटरपेक्षा दूर नेणे न्यूयॉर्क राज्यात बेकायदेशीर आहे. जिथे जाळायचे, तिथल्याच आसपास विकत घ्या.